मासे गरवण्याच्या सफरीचे भाडे कसे ठरवावे?

कोकण किनाऱ्यावरील शेतकऱ्याचे घर एकाच पिकावर कधी चालत आलेले नाही. पावसाळ्यातील भात, परसातील नारळ-सुपारी, डोंगरउतारावरील आंबा-काजू आणि खाडीतील अगर समुद्रातील मासळी या सर्वांच्या आधाराने त्याच्या वर्षाचा मेळ बसतो. एकाने दगा दिला तर दुसऱ्याने सावरून धरावे, अशी ही जुनी रीत आहे. या मेळात अलीकडे आणखी एका जोडधंद्याची भर पडू लागली आहे. समुद्र पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांना होडीतून नेऊन त्यांना गळाने मासे गरवण्याचा अनुभव द्यावयाचा आणि त्याबद्दल भाडे घ्यावयाचे, हा तो धंदा होय. वरवर पाहता तो सोपा वाटतो. होडी आहे, समुद्र दारात आहे, पाहुणे आपण होऊन येतात. मग अडचण ती कोणती? अडचण भाडे ठरविण्यात आहे. ते चुकले म्हणजे होडी रोज भरून गेली तरी मालक वर्षाअखेर कर्जातच राहतो, आणि तोटा कोठे झाला हे त्याला पुष्कळदा उमगतही नाही.

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचे आहे. कवी केशवसुतांचे हे जन्मगाव असून त्यांचे स्मारक येथे १९९४ पासून उभे आहे. गणपतीपुळ्याचे देवस्थान अगदी जवळ असल्याने तेथे दर्शनास आलेली मंडळी मालगुंडपर्यंत सहज येतात. उत्तरेस वरवडे हे मासेमारांचे गाव आणि त्याच्याही पलीकडे जयगडची खाडी आहे. अशा टापूत पर्यटक आणि होडी या दोन्ही गोष्टी जवळजवळ असतात. त्यामुळे येथे असा धंदा करू पाहणाऱ्यास गिऱ्हाइकाची वाण पडत नाही. पण त्याच कारणाने शेजारच्या होडीची चढाओढही टळत नाही.

धंद्याचे स्वरूप

या सफरीत विकले जाते ते काय, हे प्रथम स्पष्ट असले पाहिजे. मासळीच्या लिलावात मालाचा भाव होतो. सफरीत तसे नाही. येथे होडी, तांडेलाचे ज्ञान आणि सकाळचे तीन-चार तास यांचे भाडे आकारले जाते. मासा मिळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. खडपाच्या आसपास नांगर टाकून दोर सोडली असता एखाद्या दिवशी तांबोशी किंवा गोबरा लागतो, चालत्या होडीमागे दोर ओढली असता सुरमई लागण्याचा संभव असतो, आणि एखाद्या दिवशी शिंगाळ्याखेरीज काहीच हाती येत नाही. पाहुण्याला ही गोष्ट किनाऱ्यावरच सांगितली पाहिजे. भाडे वेळेचे आहे, मासळीचे नाही, हे ज्याने आधी सांगितले त्याचे परत आल्यावर भांडण होत नाही.

मिळालेली मासळी कोणाची, हेही आधीच ठरवावे. मासेमारीच्या होडीत मालक, तांडेल व खलाशी यांच्या वाटण्या रूढीने ठरलेल्या असतात. सफरीत मात्र अशी रूढी नाही. मासळी पाहुण्याची समजावयाची, की खाण्यापुरती त्याची आणि उरलेली होडीची, याचा उल्लेख भाड्याच्या फलकावरच असावा. मोठ्या सुरमईला बाजारात चांगला भाव येतो. अशा वेळी न ठरलेली गोष्ट कटुता निर्माण करते.

हा धंदा बाराही महिने चालत नाही. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात लहान होड्यांतून प्रवासी नेणेही बंद ठेवावे लागते. नारळी पौर्णिमेनंतर मासेमार समुद्रावर जाऊ लागले तरी पाण्याचा जोर ओसरून सफरीस योग्य असे दिवस साधारणतः ऑक्टोबरपासून मिळतात. त्यातही पाहुण्यांची खरी गर्दी दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी या दिवसांतच असते. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो व पाणी शांत असते. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि लहान होडी हेलकावू लागते. नवख्या माणसाला त्यात उलट्या होतात. म्हणून सफर सकाळीच करणे इष्ट ठरते. खाडीच्या मुखाशी वाळूची दांडी असल्यास भरतीची वेळही सांभाळावी लागते, आणि भरती तर रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते. या सर्वांचा अर्थ असा की, वर्षाचे ३६५ दिवस असले तरी भाडे मिळवून देणारे दिवस फार थोडे असतात. सर्व वर्षाचा खर्च त्या थोड्या दिवसांतच वसूल व्हावा लागतो.

परवाना व कायदा

मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्याने होते आणि त्यात २०२१ मध्ये महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या होडीची तपासणी, प्रवासी-संख्येची मर्यादा व परवाना या बाबी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतात. हे मंडळ १९९६ च्या अधिनियमाने स्थापन झाले. सफर सुरू करण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात आणि मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन आपल्या होडीस कोणती परवानगी लागते याची चौकशी करावी. विम्याच्या कागदावरही होडी कोणत्या कामासाठी वापरली जाणार हे खरे लिहिलेले असावे. मासेमारीसाठी उतरविलेला विमा प्रवाशाच्या अपघातात उपयोगी पडेल, असे गृहीत धरू नये.

आणखी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. यांत्रिक मासेमारी नौकांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराची परतफेड देण्याची राज्याची योजना आहे. ती मासेमारीसाठी आहे. म्हणून सफरीच्या हिशेबात इंधन पूर्ण भावानेच धरावे. तसेच २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. गळाला लागलेले पिल्लू पाहुण्याच्या हातून पुन्हा पाण्यात सोडविणे हेही तांडेलाचे काम आहे. शहरातील मुलांना ही गोष्ट समजावून सांगितली तर ती त्यांना आवडते, असाच अनुभव येईल.

खर्चाचे दोन भाग

भाडे ठरविण्यापूर्वी खर्चाचे दोन भाग पाडावेत. होडी किनाऱ्यावर पडून राहिली तरी जो खर्च होतच असतो तो कायम खर्च. होडी पाण्यात गेली म्हणजेच जो होतो तो फिरता खर्च. या दोहोंची गल्लत हेच बहुतेक तोट्याचे मूळ असते.

पुढील उदाहरणातील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या होडीचे आकडे घालावेत. समजा, सहा प्रवासी नेणारी एक होडी आहे. होडीची किंमत ४,००,००० रुपये असून ती १० वर्षे टिकेल. म्हणजे तिची दरसाल झीज ४०,००० रुपये. इंजिनाची किंमत २,००,००० रुपये असून ते ५ वर्षे टिकेल; म्हणजे त्याचीही झीज ४०,००० रुपये. निम्मे भांडवल म्हणजे ३,००,००० रुपये कर्जाऊ घेतले असून दसादशे १० टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याज ३०,००० रुपये होते. परवाना, तपासणी व विमा यांस २५,००० रुपये. पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढणे, रंग व दुरुस्ती यांस ३६,००० रुपये. जीवरक्षक जाकिटे, दोर, नांगर व औषधपेटी यांच्या भरपाईस ९,००० रुपये. एकूण कायम खर्च दरसाल १,८०,००० रुपये झाला.

आता फिरता खर्च पाहू. एका सफरीस इंधन ८०० रुपये, तांडेलाची मजुरी ६०० रुपये, खलाशाची ४०० रुपये, आणि आमिष, गऱ्या, बर्फ व पिण्याचे पाणी मिळून २०० रुपये. एकूण २,००० रुपये. मालक स्वतःच तांडेल असला तरी तांडेलाची मजुरी हिशेबात धरलीच पाहिजे. तो त्या वेळी दुसऱ्याच्या होडीवर गेला असता तर त्याला ती मिळालीच असती. आपल्या श्रमाची किंमत शून्य धरणारा मनुष्य स्वस्त भाडे देऊ शकतो खरा. पण ती स्वस्ताई तो आपल्या घरातून भरीत असतो.

एका सफरीचा खरा खर्च किती, हे वर्षात सफरी किती होतात यावर अवलंबून आहे. १२० सफरी झाल्या तर कायम खर्चाचा वाटा सफरीमागे १,५०० रुपये येतो आणि एकूण खर्च ३,५०० रुपये होतो. ९० सफरी झाल्या तर तो ४,००० रुपये होतो. ६० च सफरी झाल्या तर तो ५,००० रुपयांवर जातो. होडी तीच, समुद्र तोच आणि तांडेलही तोच. पण खर्चात दीड हजाराचा फरक पडला. म्हणून ‘शेजारी किती घेतो?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘आपल्या वर्षात सफरी किती होतील?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर देताना आशेवर भिस्त ठेवू नये. पहिल्या वर्षी हात राखूनच अंदाज करावा.

वर्षाला ९० सफरी होतात असे धरून मालकाने ४,५०० रुपये भाडे ठेवले, तर सफरीमागे त्याला ५०० रुपये व वर्षाला ४५,००० रुपये नफा राहील. हा नफा म्हणजे त्याने घातलेल्या भांडवलाचा व पत्करलेल्या जोखमीचा मोबदला होय. तो मुळीच जास्त नाही.

होडीचे भाडे की माणशी भाडे?

भाडे आकारण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत संपूर्ण होडीचे भाडे ठरते. माणसे दोन असोत वा सहा. दुसऱ्या रीतीत माणशी दर असतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर हा धंदा जुना असून तेथेही या दोन्ही रीती चालतात. सहापर्यंत प्रवासी घेणाऱ्या लहान नौका अर्ध्या किंवा पूर्ण दिवसासाठी अख्ख्या भाड्याने दिल्या जातात, आणि पुष्कळ माणसे नेणाऱ्या मोठ्या नौकांवर माणशी दर असतो. लहान होडी माणशी दराने चालविली म्हणजे रिकाम्या जागेचा तोटा मालकाच्या माथी येतो, हे त्यामागील कारण आहे.

वरील उदाहरणात माणशी १,००० रुपये दर ठेवला, तर चार माणसे आल्यावर केवळ खर्च भरून निघतो, पाच आल्यावर १,००० रुपये उरतात आणि तीनच आल्यास तितकाच तोटा येतो. वर्षभर सरासरी साडेचार माणसे मिळाली तरच ४,५०० रुपयांच्या भाड्याची बरोबरी होते. कुटुंबे आणि मित्रमंडळी बहुधा एकत्र येतात, त्यांना अनोळखी माणसे बरोबर नको असतात. त्यांच्यासाठी होडीचे भाडे ठेवावे. एकट्या-दुकट्यासाठी माणशी दर ठेवून किमान चार माणसे जमल्यावरच होडी सुटेल, अशी अट घालावी. मात्र ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये. सातवा प्रवासी हजार रुपये देतो हे खरे. पण परवान्याची मर्यादा ओलांडून मिळालेले पैसे हे उत्पन्न नव्हे, तो अपघाताचा विसार होय.

स्वस्त भाडे केव्हा शहाणपणाचे?

येथे एक बारकावा समजून घेणे आवश्यक आहे. भाडे नेहमी पूर्ण खर्चाहून अधिकच असले पाहिजे असे नाही. फेब्रुवारीतील एखाद्या मंगळवारी किनारा ओस पडला असता कोणी ३,००० रुपये देण्यास तयार झाला, तर त्याला नाकारू नये. फिरता खर्च २,००० रुपये वजा जाता १,००० रुपये कायम खर्चाच्या भरपाईस मिळतात. होडी बांधून ठेवली असती तर तेही मिळाले नसते. २,००० रुपयांच्या खाली मात्र कोणत्याही दिवशी जाऊ नये. तेथे प्रत्येक फेरीत खिशातील रोकड जाते.

धोका पुढेच आहे. मंदीच्या दिवसाचा भाव गर्दीच्या दिवशी लागू झाला, की कायम खर्च वसूल होण्याची वाटच बंद होते. म्हणून गर्दीचा दर व मंदीचा दर असे दोन दर आधीच जाहीर करावेत आणि ते कोणत्या तारखांस लागू आहेत हे फलकावर लिहावे. माणूस पाहून भाव सांगण्याची रीत टाळावी. एकाच दिवशी एका पाहुण्याला साडेचार हजार आणि दुसऱ्याला तीन हजार सांगितल्याचे उघड झाले की दोघांचाही विश्वास उडतो. मुक्कामाच्या ठिकाणी रात्रीच्या जेवणाला हे दोघे शेजारी बसतात, हे विसरू नये.

चढाओढीचे गणित

आता एका किनाऱ्यावर अशा पाच होड्या आहेत असे समजू. प्रत्येकीचे भाडे ४,५०० रुपये व प्रत्येकीच्या सफरी ९० आहेत. त्यांपैकी एकाने गिऱ्हाईक ओढण्यासाठी भाडे ३,५०० रुपये केले. पहिले काही दिवस त्याची होडी दोनदा भरून जाते. ते पाहून उरलेले चौघेही भाडे उतरवितात. पाचही होड्या पुन्हा पूर्वीच्याच ठिकाणी येतात. बदललेले असते ते फक्त भाडे.

पूर्वी फिरता खर्च जाऊन सफरीमागे २,५०० रुपये राहत होते, आता १,५०० रुपये राहतात. केवळ कायम खर्च भरून निघण्यास प्रत्येक होडीला आता १२० सफरी लागतात, आणि पूर्वीचा ४५,००० रुपयांचा नफा टिकवावयाचा तर १५० लागतात. म्हणजे पाच होड्या मिळून ४५० च्या जागी ७५० सफरी व्हाव्या लागतील. एक हजार रुपये कमी झाले म्हणून इतके पाहुणे कोठून येणार? ते येतात दर्शनासाठी, आंब्यासाठी, मुलांच्या सुट्टीसाठी. त्यांची संख्या पंचांगावर आणि शाळांच्या वेळापत्रकावर ठरते, होडीच्या भाड्यावर नव्हे. सफरी ९० च राहिल्या तर प्रत्येक होडीला वर्षाअखेर ४५,००० रुपयांचा तोटा येतो.

हा तोटा दिसत नाही, हे त्याचे सर्वांत घातक लक्षण आहे. ९० सफरींत प्रत्येकी १,५०० रुपयांप्रमाणे १,३५,००० रुपये मालकाच्या हाती येतात. त्यातून व्याज, परवाना, विमा, दुरुस्ती व साहित्य मिळून १,००,००० रुपये रोख जातात. ३५,००० रुपये शिल्लक पाहून त्याला वाटते, धंदा बरा चालला. पण होडी व इंजिन यांची ८०,००० रुपयांची झीज त्यात धरलेली नसते आणि कर्जाच्या मुद्दलाचा हप्ताही द्यावयाचाच असतो. पाचव्या वर्षी इंजिन उत्तर देते तेव्हा पेटीत दोन लाख रुपये नसतात. मग बाग गहाण पडते, दागिने जातात, किंवा होडी विकून मालक दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातो. भाडे उतरविल्याची किंमत अशी पाच वर्षांनी घरातील सर्वांना द्यावी लागते.

त्याआधीही ती दुसऱ्या रूपाने द्यावी लागते. उत्पन्न अपुरे पडू लागले की प्रथम खलाशी कमी होतो, मग इंजिनाची दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जाते, फाटके जाकीट बदलले जात नाही आणि सहाच्या जागी आठ माणसे बसविली जातात. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा बळी गेला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून घारापुरीकडे जाणारी प्रवासी नौका बुडाली व १५ जणांचे प्राण गेले. या अपघातांची कारणे निरनिराळी आहेत आणि भाड्याशी त्यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु संकट आले असता जाकीट अंगावर असणे, माणसे मर्यादेत असणे आणि इंजिन तत्काळ चालू होणे यांवर जीव अवलंबून असतो, आणि या तिन्ही गोष्टींना पैसा लागतो. तो भाड्यातूनच यावयाचा असतो.

दलाली

चढाओढीचे आणखी एक रूप म्हणजे दलाली. राहण्या-जेवण्याची सोय करणारे, गाडीवाले, अगर दूरध्वनीवरून नोंदणी करून देणारे मध्यस्थ गिऱ्हाईक पाठवितात व भाड्याचा हिस्सा मागतात. ४,५०० रुपयांच्या भाड्यावर १५ टक्के दलाली ६७५ रुपये होते. मालकाचा नफा तर ५०० च रुपये आहे. म्हणजे दलालामार्फत आलेल्या प्रत्येक सफरीत मालक १७५ रुपये आपल्या पदरचे घालतो. मंदीच्या दिवशी ही दलाली देणे परवडते, कारण ते गिऱ्हाईक एरवी आलेच नसते. गर्दीच्या दिवशी मात्र आपण होऊन येणाऱ्या पाहुण्याला जागा राखून ठेवणेच हिताचे. परत गेलेल्या पाहुण्याने आपल्या नातेवाइकांना होडीचा क्रमांक सांगितला, तर त्याला दलाली पडत नाही.

खराब हवेचा दिवस

आगाऊ रक्कम घेतली असता हवा बिघडल्यास ती पूर्ण परत करावी, असा नियम प्रथमपासून असावा. त्यात उदारपणाचा प्रश्न नसून सुरक्षिततेचा आहे. पैसे परत करावे लागू नयेत म्हणून तांडेलावर निघण्याचा दाब आला, तर त्याच्या अनुभवाचा काही उपयोग उरत नाही. निघावयाचे की नाही हा निर्णय तांडेलाचा, आणि त्याबद्दल त्याची मजुरी कापली जाणार नाही, हे मालकाने सर्वांसमक्ष सांगावे. असे दिवस येणारच, म्हणून ते अंदाजातूनच वगळावेत. ९० पैकी १० सफरी रद्द होतील असे वाटत असेल, तर कायम खर्च ८० सफरींवर वाटावा. सफरीमागे २५० रुपये अधिक येतात, पण मग समुद्र खवळलेला असताना होडी लोटण्याचा मोह होत नाही.

पाळी आणि सहकार

एकमेकांचे भाडे पाडण्याऐवजी एकत्र येऊन धंदा सांभाळण्याची उदाहरणे कोकणात आहेत. मुरूडजवळ राजपुरीहून जंजिरा किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची वाहतूक सहकारी संस्थेमार्फत चालत आली आहे. अशा व्यवस्थेत पाहुण्याला ओढण्यासाठी किनाऱ्यावर धावाधाव करावी लागत नाही. पाळी ज्याची, सफर त्याची. तिकीट एकाच ठिकाणी मिळते, प्रवाशांची संख्या तेथेच मोजली जाते आणि ज्या होडीचा परवाना अगर जाकिटे पुरी नसतील तिला पाळी मिळत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये अशी संस्था नोंदविता येते. जाकिटे, दोर व इंजिनाचे सुटे भाग एकत्र खरेदी करणे, विमा एकत्र उतरविणे, आणि एक राखीव इंजिन सर्वांसाठी ठेवणे ही कामेही संस्था करू शकते. पाच होड्यांना मिळून एक राखीव इंजिन पुरते. प्रत्येकाने स्वतंत्र ठेवावयाचे तर ते कोणालाच परवडत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. निरनिराळ्या मालकांनी आपापसांत संगनमत करून एकच भाव बांधून घेणे स्पर्धा अधिनियम, २००२ प्रमाणे आक्षेपार्ह ठरू शकते. म्हणून केवळ ‘याखाली कोणी जावयाचे नाही’ अशी तोंडी शपथ घेणे हा मार्ग नव्हे. संस्था स्थापन करून तिच्यामार्फत सेवा देण्यापूर्वी दराबाबत सहकार खात्याचा व बंदर कार्यालयाचा सल्ला घ्यावा. तसे पाहता, प्रत्येकाने आपला खर्च नीट मांडला तर शपथेची गरजही फारशी राहत नाही. खर्चाच्या खाली विकणारा मनुष्य बहुधा दुष्ट नसतो. त्याला आपला खर्चच ठाऊक नसतो.

भाव न पाडताही चढाओढ करता येते. वेळेवर निघणे, होडी स्वच्छ ठेवणे, मुलांच्या मापाची जाकिटे बाळगणे, गरीला आमिष कसे लावावे हे शांतपणे शिकविणे, आणि परतल्यावर मिळालेली मासळी जवळच्या घरी ताजी शिजवून देण्याची सोय करणे, या गोष्टींना पाहुणा आनंदाने पैसे देतो. त्यातून घरातील स्त्रियांनाही उत्पन्न मिळते. ज्यांची उपजीविका मासेमारीवरच आहे अशांच्या जाळ्यांवरून किंवा रापणीच्या जागेवरून होडी नेऊ नये. त्यांचे फाटलेले जाळे हा सफरीचा खर्च फलकावर दिसत नसला तरी गावात तो कोणाला तरी भरावाच लागतो.

हिशेबवही

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, आणि किसान क्रेडिट कार्डाची सोय तर २०१८-१९ पासून मासेमारांनाही खुली झाली आहे. मात्र सफरीचा धंदा व मासेमारी यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. कर्ज मागण्यास गेले असता बँक जे विचारते तेच मालकाने स्वतःला आधी विचारलेले असावे.

यासाठी साधी वही पुरे. प्रत्येक सफरीची तारीख, निघण्याची व परतण्याची वेळ, माणसे, भाडे, इंधन, मजुरी, दलाली आणि रद्द झाल्यास तिचे कारण एवढे एका ओळीत लिहावे. सफर संपली की भाड्यातून होडी व इंजिन यांच्या झिजेची रक्कम, वरील उदाहरणात सुमारे ८९० रुपये, वेगळ्या खात्यात टाकावी व तिला हात लावू नये. मे महिन्याच्या अखेरीस होडी वर ओढली म्हणजे वही घेऊन बसावे, ओळी मोजाव्यात आणि पुढील वर्षाचे भाडे तेव्हाच ठरवावे. पाहुणे दारात उभे असताना ठरविलेला भाव घाईचा असतो. पावसात, होडी झावळ्यांखाली झाकलेली असताना, वहीवरून ठरविलेला भाव खरा असतो, आणि ऑक्टोबरात कोणी घासाघीस करू लागला असता तोच न डगमगता सांगता येतो.